पन्नासांपेक्षा वीस जास्त कसे?

शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या दिवसांतल्या सणाच्या, मिरवणुकीला यंदा सहा वर्षांच्या भाचीला घेऊन फोंड्याला तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, उभा होतो. आधी एक मोठं पथक आलं, पन्नास-साठ जण सहज असतील, पण कोण मोबाईल बघतोय, कोण मागे रेंगाळलाय, ढोल एकीकडे नि ताशा भलतीकडे. त्यांच्यामागून एका लहान गावचा रोमटामेळ आला, म्हणजे ढोल-ताशाच्या ठेक्यावर पावलं टाकत नाचणारं पथक, जेमतेम वीस जण. सगळ्यांचा उजवा पाय एकदम उठायचा, गुढ्या एकदम कलायच्या, कासाळे, म्हणजे मोठ्या झांजा, एकदम खणखणायचे आणि मग एका दमात ‘ओस्सय!’. भाची माझ्या पायाला चिकटली, म्हणाली, "मामा, हे किती जण आहेत!" म्हटलं मोज बघू. बोट नाचवत मोजले, वीसच भरले, तरी म्हणते कशी, "पण मघाच्यांना हे हरवतील."

तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

माणसं जास्त म्हणजे ताकद जास्त, एवढं तर बाळांनाही कळतं. 2016 साली 6 ते 12 महिन्यांच्या बाळांवरचा एक अभ्यास आला होता, दोन गटांतले दोघे समोरासमोर आडवे आले तर मोठ्या गटातला जिंकणार अशी त्यांची अपेक्षा दिसली. पण पाऊल जुळलं की नुसता आकडा पुरत नाही. फेसलर आणि होलब्रुक या अमेरिकन संशोधकांनी 2014 मध्ये पुरुषांना जोडीदाराबरोबर चालायला लावलं, तर पावलात पाऊल टाकून चाललेल्यांना फोटोतला गुन्हेगार अंगाने कमी दांडगा वाटला. म्हणजे बघणाऱ्यालाच नाही, चालणाऱ्यालाही बळ वाटतं.

माझं स्पष्ट मत आहे, हा हिशोब मुलं अंगाने शिकतात, आणि तो शिकायची जागा म्हणजे मांड, गावातली शिगम्यासाठी जमायची जागा. आमच्या गावी सरावाच्या रात्री गेलो तर सगळ्यात शेवटी एक दहा वर्षांचा पोरगा होता, ढोल त्याच्या पोटापेक्षा मोठा, आणि नजर सारखी पुढच्या काकांच्या टाचेवर. चुकला की ते वळून बघत नव्हते, फक्त आपली टाच जरा जोरात आपटायचे, की हा लगेच ठेक्यात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना बघितलंय ना, एक जण जरी आधी ओढायला लागला तरी बाकीच्यांच्या हाताला कळतं, तसंच. आपल्या एकट्याच्या चुकीने सगळ्यांचं वजन कमी होतं हे त्या पोराला कोणी भाषण देऊन सांगितलं नव्हतं.

आणि आपण काय करतो, परीक्षा आहे, ट्यूशन आहे म्हणून मुलांना सरावाला पाठवत नाही, मग मिरवणुकीत नेतो, ती तासन् तास उशिरा सुरू होते, चित्ररथांच्या स्पीकरखाली ढोल ऐकूच येत नाही, रोमट येईपर्यंत पोरं खांद्यावर झोपलेली. मला याचं खरंच वाईट वाटतं.

एक भीतीही आहे, लपवत नाही. एका तालात चालणारे सगळेच चांगले असतात असं पोरांना वाटू शकतं, कुणाला घेरायला निघालेल्यांचीही पावलं जुळू शकतात. पण जो स्वतः ठेक्यात उभा राहिलाय त्याला तो ओढा आतून माहीत असतो, आणि मला वाटतं वेळेला बाहेर पडायलाही तोच आधी शिकेल.

काल भाची शेजारच्या तीन पोरांना घेऊन बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, पाय आपटत होती. सगळ्यात धाकट्याचा पाय सारखा चुकायचा. एकाने म्हटलं, याला काढूया. ती म्हणाली, "नको, मग आपण कमी होऊ," आणि त्याचा हात धरून परत पहिल्यापासून सुरू केलं.