लिस्बनला कोणी प्रश्न विचारले नाहीत, हे धादांत खोटं आहे

पोपच्या युवा मेळाव्याबद्दलचा तो लांबलचक मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लिस्बनला जागतिक युवा दिन झाला, त्याचा गर्दीचा फोटो आणि खाली मजकूर असा, की पोर्तुगाल स्वतःला सेक्युलर म्हणवतो तरी सरकारने चर्चच्या कार्यक्रमावर कोट्यवधी युरो उधळले, एकाही पत्रकाराने प्रश्न विचारला नाही, एकही माणूस विरोधात बोलला नाही, १५ लाख पोरं येऊन गेली तरी रस्त्यावर कागदाचा कपटा पडला नाही, आणि हे सगळं होतं धर्मांतराचं ट्रेनिंग, त्यासाठी गोव्यातली आणि वसईतली पोरं फुकट नेऊन तयार करून परत पाठवली. शेवटी, कुंभाला आणि वारीला नावं ठेवणाऱ्यांनो, तपोवनातल्या झाडांसाठी रडणाऱ्यांनो, आता बोला.

अशा मेसेजला मी एरवी उत्तर देत नाही. पण हा आमच्या फॅमिली ग्रुपवर आमच्या मामांनी टाकला आणि त्याच ग्रुपवर आमच्या वहिनी आहेत, वसईच्या, कॅथलिक, आणि त्यांचा सख्खा भाचा लिस्बनला जाऊन आलाय. मामांना हे पक्कं माहितीये. दर नाताळला वहिनींच्या माहेरचा फराळ ते हक्काने मागून घेतात. तरी टाकला, आणि खाली चार जणांनी अंगठे दाखवले. वहिनी काही बोलल्या नाहीत, त्यांनी बोलायची वेळ यायलाच नको होती. म्हणून मी लिहितोय.

सगळ्यात आधी ते "एकही माणूस विरोधात बोलला नाही" घेऊ, कारण अख्खा मेसेज त्याच्यावर उभा आहे.

मेळावा ऑगस्टमध्ये होता, भांडण जानेवारीतच पेटलं होतं. पार्क तेजो नावाच्या मैदानावर पोपच्या शेवटच्या मिस्सेसाठी, म्हणजे मुख्य सामूहिक प्रार्थनेसाठी, जे स्टेज बांधायचं होतं त्याचं कंत्राट लिस्बन पालिकेने दिलं ते ४२ लाख युरोचं, टॅक्स वेगळा, आणि टेंडर न काढता थेट एका बड्या कंपनीला. आपल्या पैशात ३५ कोटींच्या वर, एका स्टेजसाठी. आकडा बाहेर आला कसा? पत्रकारांनीच बाहेर काढला. त्यानंतर कितीतरी दिवस पोर्तुगालच्या टीव्हीवर आणि पेपरात हाच विषय. लिस्बनमध्ये तेव्हा घरभाडी सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेली होती, लोक घरांसाठी मोर्चे काढत होते, त्यात हा आकडा आल्यावर लोक भडकणारच. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रेबेलो द सोझा स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, पण ते सुद्धा म्हणाले की पोप फ्रान्सिस साधे आहेत, स्टेजही तसंच साधं हवं. आयोजनाचे प्रमुख बिशप आमेरिको अगियार यांनीही आकडा ऐकून आपल्या मनाला लागलं असं सांगितलं. शेवटी फेब्रुवारीत पालिकेला माघार घ्यावी लागली, स्टेजची उंची ९ मीटरवरून ४ मीटरवर आणली, खर्च २९ लाख युरोवर. शहरातल्या दुसऱ्या स्टेजचा खर्च चर्चच्या फाउंडेशनने स्वतःकडे घेतला. हे सगळं प्रश्न विचारल्यामुळे झालं ना? कोणी बोललंच नसतं तर ते ९ मीटरचं स्टेज तसंच उभं राहिलं असतं.

पुढचं ऐका. पोप यायच्या आठवडाभर आधी, २७ जुलैला, बोर्दालो सेगुंदो नावाचा कलाकार त्या स्टेजपर्यंत पोचला. हा तिथला नावाजलेला माणूस, भंगार आणि कचऱ्यातून प्रचंड मोठे प्राणी बनवतो. त्याने स्टेजच्या पायऱ्यांवर एक लांब गालिचा अंथरला, आणि गालिचा कसला, तर ५०० युरोच्या मोठ्या मोठ्या नोटांचा. ज्या पायऱ्यांवरून बिशप आणि कार्डिनल चढणार त्याच पायऱ्यांवर. सोबत त्याने लिहिलं, त्याचा आशय असा, की देश धर्मनिरपेक्ष आहे, लोक घर आणि काम टिकवायला झगडतायत, आणि जनतेचे लाखो युरो या दौऱ्यावर जातायत. त्याचे फोटो युरोपभर छापून आले. हा माणूस मामांच्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

आणि होर्डिंग. यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण माझ्या मते हाच सगळ्यात गंभीर भाग आहे. पोर्तुगालच्या बिशपांनी स्वतःच एक स्वतंत्र आयोग नेमला होता, बालमनोविकारतज्ज्ञ पेद्रो श्त्रेश्त त्याचे प्रमुख. चर्चमध्ये लहान मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करायची हे त्याचं काम. त्यांचा रिपोर्ट १३ फेब्रुवारी २०२३ ला आला, म्हणजे मेळाव्याच्या सहा महिने आधी. ५१२ जणांच्या साक्षी त्यांनी ग्राह्य धरल्या आणि त्यावरून निष्कर्ष काढला की १९५० पासून कमीत कमी ४,८१५ मुलं याला बळी पडली. कमीत कमी. अख्ख्या पोर्तुगालची लोकसंख्या कोटीच्या आसपास, तेवढ्याशा देशात. मग पोप लिस्बनला उतरले त्याच सुमारास काही नागरिकांनी वर्गणी काढून मोठाली होर्डिंग लावली, ४,८०० हून जास्त मुलांवर पोर्तुगालच्या कॅथलिक चर्चने अत्याचार केले असं लिहिलेली, आणि त्यावर एकेका मुलासाठी एकेक ठिपका. लिस्बन शहरात एक, शेजारच्या लोरेशला एक आणि ओएरासला एक. ओएरासच्या पालिकेने आपल्या हद्दीतलं होर्डिंग बेकायदा जाहिरात म्हणून उतरवलं, तर त्यावरून परत गदारोळ. पोपनी पहिल्याच दिवशी पोर्तुगालच्या बिशपांसमोर सांगितलं की पीडितांचा आक्रोश ऐका, आणि त्याच दिवशी १३ पीडितांना भेटले.

आता मला सांगा, याला "एकाही पत्रकाराने प्रश्न विचारला नाही" म्हणायचं? मेसेज लिहिणाऱ्याला या ४,८१५ मुलांशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त आपल्याकडच्यांची तोंडं बंद करायची आहेत. त्यासाठी त्याने चक्क त्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या लोकांनाच पुसून टाकलं. मला याचा खरोखर राग येतो. एवढं करून वर हा मेसेज चर्चच्या विरोधात आहे असं दाखवतो, आणि चर्चवरची सगळ्यात खरी, पुराव्यानिशी केलेली टीका तेवढी गाळतो.

हे फक्त पोर्तुगालातच होतं असंही नाही. माद्रिदला २०११ मध्ये असाच मेळावा होता, तेव्हा स्पेनमध्ये बेकारीने कहर केला होता, आणि "माझ्या टॅक्समधून पोपला शून्य" अशा घोषणा देत हजारो लोक रस्त्यावर आले. सिडनीला २००८ मध्ये तिथल्या राज्य सरकारने नियम काढला की मेळाव्याला आलेल्यांना कोणी त्रास दिला, वैताग आणला, तर ५,५०० डॉलरपर्यंत दंड. दोन तरुण कार्यकर्त्या कोर्टात गेल्या आणि मेळावा सुरू झाला त्याच दिवशी, १५ जुलैला, फेडरल कोर्टाने त्यातला वैताग आणण्याबद्दलचा भाग रद्द केला. म्हणजे विरोध करणाऱ्यांना कंडोम वाटायचे असतील तर वाटा, निषेधाचे टीशर्ट घालायचे असतील तर घाला, एवढ्यावरून कोणाला वैताग आला म्हणून तो गुन्हा ठरत नाही.

आता पैशाचा मुद्दा, तो मात्र अर्धा खरा आहे, मान्य करतो. सरकारी पैसा गेला. एकट्या लिस्बन पालिकेने साडेतीन कोटी युरोपर्यंतची मर्यादा जाहीर केली होती, शिवाय केंद्र सरकार आणि शेजारची लोरेश पालिका. पोर्तुगालच्या राज्यघटनेत कलम ४१ मध्ये चर्च आणि सरकार वेगळे हे स्पष्ट लिहिलंय, तरी पैसा गेला. एवढंच कशाला, मेळाव्याच्या निमित्ताने संसदेने एक माफीचा कायदा केला, १६ ते ३० वयाच्या लोकांच्या काही शिक्षांमध्ये सूट देणारा, गंभीर गुन्हे वगळून. मला तो चुकीचा वाटतो. पोप येणार म्हणून तिशीच्या आतल्याची शिक्षा कमी आणि एकतिशीतल्याची तेवढीच, याला काय अर्थ आहे? आणि हा प्रश्नसुद्धा तिथल्या वकिलांनी तेव्हाच विचारला होता, समानतेच्या मुद्द्यावर.

पण "उधळले" म्हणताना पुढचंही सांगायचं. पार्क तेजो म्हणजे जुनं डम्पिंग ग्राउंड, बेइरोलासचं, ते साफसूफ करून नदीकाठचं पार्क झालं आणि २०२४ मध्ये त्याच जागेवर रॉक इन रिओचा म्युझिक फेस्टिव्हल झाला. आयोजक फाउंडेशनने मेळाव्यानंतर हिशोब जाहीर केले, त्यात साधारण साडेतीन कोटी युरो शिल्लक निघाले, ते तरुणांच्या कामासाठी वापरू म्हणाले. मग त्यावर परत प्रश्न, की शिल्लक निघणार होती तर जनतेचा एवढा पैसा कशाला घेतला. रास्त प्रश्न आहे. सांगायचं एवढंच की तिथे हिशोब बाहेर आला, म्हणून आज मी तो इथे लिहू शकतोय.

कागदाच्या कपट्याबद्दल काय बोलायचं. लिस्बन शहराची स्वतःची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, तिथे १५ लाख माणसं एका रात्री मैदानात उघड्यावर झोपतात, कचरा होणारच, पालिकेचे कामगार तो उचलतात. तिकडचे लोक काही वेगळ्या मातीचे नाहीत.

राहिलं धर्मांतराचं ट्रेनिंग. हे वाचून वहिनींना काय वाटलं असेल याचा मामांनी एक मिनिट तरी विचार करायला हवा होता. हा मेळावा मुळात जे आधीच कॅथलिक आहेत त्यांच्यासाठी असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला तोच मुळी स्वतःच्या घरातली तरुण पोरं चर्चपासून लांब चाललीयेत या काळजीने. सकाळी प्रवचन आणि चर्चा, मग मिस्सा, क्रूसाची वाट, कन्फेशन, रात्रीची जागरणाची प्रार्थना. वहिनींचा भाचा त्यांच्या पॅरिशच्या, म्हणजे गावातल्या चर्चच्या, ग्रुपमधून गेला होता. फुकट कोणी नेलं नाही, त्याने नोकरीतून साठवलेले आणि वडिलांनी घातलेले पैसे होते, वर व्हिसासाठी खेटे. तिथे एका शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर मॅट टाकून झोपायची सोय. शेवटच्या रात्री त्या मैदानात, दिवसभर ऊन एवढं की पोरं पाण्याच्या नळापाशी रांगा लावून होती, आणि पहाटे उठवायला स्टेजवर कोण, तर एक फादर, हेडफोन लावून डीजे वाजवणारे. पाद्रे गिल्येर्मे त्यांचं नाव, त्यांचे व्हिडिओ नंतर जगभर फिरले. भाचा आल्यावर जास्त बोलत होता ते याच्याबद्दल, शेजारी झोपलेल्या ब्राझीलच्या पोरांबद्दल आणि पायांच्या फोडांबद्दल.

आणि एक गोष्ट जी मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असती तर त्याने हा मुद्दा घातलाच नसता. तेच बिशप अगियार, मेळाव्याचे प्रमुख, त्यांनी जुलैमध्ये तिथल्या सरकारी टीव्हीवर मुलाखतीत सांगितलं की आम्हाला तरुणांना ख्रिस्ताकडे किंवा कॅथलिक चर्चकडे वळवायचं नाहीये, वेगवेगळ्या लोकांनी एकमेकांना भेटावं हे हवंय. यावर चिडलं कोण? कट्टर कॅथलिक मंडळी. बिशप असून असं कसं बोलतात म्हणून जगभरातून त्यांच्यावर टीका झाली, त्यांना खुलासे करावे लागले. धर्मांतर करत नाही म्हणून ज्यांना आपल्याच लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या त्यांच्या कार्यक्रमावर धर्मांतराचा शिक्का मारायचा, आणि तो मारताना वसईच्या पोरांना त्यात ओढायचं. वसईत पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे, मराठीतून प्रार्थना करणारे कॅथलिक राहतात. एक पोरगा आठवडाभर परदेशात प्रार्थनेला जाऊन आला तर तो एजंट कसा होतो? पंढरपूरला जाऊन आलेल्या माणसाला कोणी असा प्रश्न विचारला तर मामा काय करतील ते मला माहितीये, आणि मी त्यांच्याच बाजूने उभा राहीन.

आता तपोवन. नाशिकला साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभाला येणाऱ्या साधूंच्या मुक्कामासाठी, तपोवनातली शेकडो झाडं तोडायच्या बेताला लोकांनी विरोध केला, त्यात कुंभाला जाणारे, स्नान करणारे नाशिककरही होते. त्यांचं म्हणणं कुंभ नको असं नव्हतं, झाडं तोडू नका असं होतं. लिस्बनमध्ये स्टेजच्या खर्चावर बोलणाऱ्यांतही असंख्य कॅथलिक होते, कारण त्या देशात सुमारे ८० टक्के लोक स्वतःला कॅथलिकच म्हणवतात. एवढं मान्य, की आपल्याकडे काही जण फक्त कुंभाच्याच खर्चाबद्दल बोलतात आणि बाकी कुठल्याच धर्माच्या कार्यक्रमाचा हिशोब त्यांना आठवत नाही. ते चूकच आहे. पण त्यांचा राग वसईच्या पोरांवर कशाला काढायचा, आणि त्यासाठी लिस्बनबद्दल खोटं कशाला रचायचं?

मामा, तुम्हाला फोनवर बोललो तेव्हा तुम्ही म्हणालात "मी फक्त फॉरवर्ड केलं." तो मेसेज ग्रुपवरून काढा आणि वहिनींना एक फोन करा, एवढंच मागतोय. आणि ज्यांच्याकडे हा पुढे जाईल त्यांच्यासाठी, पुढचा मेळावा ऑगस्ट २०२७ मध्ये सोलला आहे. दक्षिण कोरियात त्यासाठी विशेष कायदा करायचं घाटत होतं, तर बौद्ध संघटनांनी आत्तापासूनच हरकत घेतलीये, सरकारने एका धर्माच्या कार्यक्रमासाठी वेगळा कायदा का करावा म्हणून. तेव्हाही "कोणीच काही बोललं नाही" असा मेसेज येईल, तेव्हा हे त्याच्याखाली चिकटवा.