आजीचे बत्तीस दात आणि पितळेचा खलबत्ता

गेले पंधरा दिवस एक मेसेज आमच्या घरच्या, वाड्यावरच्या आणि शाळेतल्या पालकांच्या, अशा तिन्ही ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं: आपल्या आज्या कधी डेंटिस्टकडे गेल्या नाहीत, मशेरी लावून ऐंशीव्या वर्षी बत्तीस दात शाबूत. टूथपेस्ट म्हणजे विष. दुधाचे दात पडायचेच, त्यांवर खर्च नको. सफाई केली की दात हलतात, वरची दाढ काढली की नजर जाते, कवळी बसली की डॉक्टर संपला. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'दुखत नाही तोवर जाऊ नका.' आतेनेच टाकला म्हणून मी गप्प होतो. पण काल वहिनीने त्याखाली जोडलेले हात टाकले, आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाचं पोर आहे.

आधी आजी. गोव्यात, डिचोलीच्या आमच्या घरात पितळेचा मुठीएवढा खलबत्ता आहे. आजी त्यात पान-सुपारी कुटून खायची, कारण चावायला दाढाच नव्हत्या. असा खलबत्ता तुमच्याही माळ्यावर सापडेल. बत्तीस दातांच्या माणसाला तो कशाला लागतो? काहींचे दात टिकले हे खरं, पण त्यांच्या तोंडात साखरही आपल्याएवढी जात नव्हती. गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि पुढचा अर्धाएक तास ते दाताचं कवच झिजवतं. म्हणून किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं ते मोजायचं. जत्रेतलं खाजं एका बैठकीत संपवलेलं परवडलं, पण बिस्किटाचा पुडा दिवसभर पुरवून खाल्लेला नाही.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरड्यांचे आजार आणि तोंडाचा कर्करोग, दोन्हींशी तिचं नातं आहे. टूथपेस्ट-मंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, ती उगाच नव्हे.

आता दुधाचे दात. इथे मी स्वतः मार खाल्लाय, म्हणून जरा लांबण लावतो. दुधाचे दात वीस. पुढचे सहा-सातव्या वर्षी पडतात, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. तोवर पोराने चावायचं कशाने? आणि दाढ लवकर गेली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात, मग खालून येणारा पक्का दात वाकडा निघतो. त्याहून फसवी गोष्ट सहाव्या वर्षाची. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी काहीच पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाला कळतही नाही. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना मोबाइलच्या टॉर्चमध्ये मला त्या दाढेवर काळा ठिपका दिसला. म्हटलं, दुधाची असेल, पडेल. चार महिन्यांनी तो रात्री रडत उठला. लवंगेचं तेल लावलं, तो झोपला, आम्हीही झोपलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही पडायची नाही, आयुष्यभराची आहे." मुळाचं टोक अजून बनायचं होतं, त्यामुळे साधं रूट कॅनॉलही करता येईना, फेऱ्या वाढल्या. दाढ नवीन असतानाच तिच्या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवता आल्या असत्या. त्याला ना इंजेक्शन लागतं, ना ड्रिल.

'दुखत नाही तोवर' हा सल्ला खोटा ठरतो तो इथेच. दाताच्या कवचाला संवेदना नसते. दुखायला लागलं म्हणजे कीड आतल्या नसेजवळ पोचली. लवंग बधिर करते, कीड थांबवत नाही. आणि पुष्कळ दुखून आपोआप थांबलं, तर आनंद मानू नका: बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते आणि पू हाडाकडे निघालेला असतो.

वहिनी, पेस्ट विष नाही, प्रमाण पाळ. तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवू नकोस.

सफाईने दात हलत नाहीत. हिरडीखालच्या कीटणामुळे, म्हणजे दातावर साचून घट्ट झालेल्या थरामुळे, हाड आधीच झिजलेलं असतं, कीटण निघाल्यावर ती झीज फक्त लक्षात येते. दाढेची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. यावर आणखी शाई नको.

खर्चाचं म्हणाल, तर बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, शेजारी १९८० साली सुरू झालेलं सरकारी दंत महाविद्यालय आहे. वेळ मोडते, मान्य.

राहिली कवळी. हिरडीखालचं हाड वर्षागणिक झिजतं, म्हणून जुनी कवळी सैल होते, घासते, जखम करते. ती रात्री काढून पाण्यात ठेवायची आणि वर्षातून एकदा डॉक्टरला तोंड दाखवायचं. मधुमेह असेल तर जास्तच, कारण रक्तातली साखर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात.

आतेला मधुमेह आहे. गेल्या चवथीला ती पंगतीत बसली, खालची कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि मग जेवली. परवा फोन करून म्हटलं, बांबोळीला जाऊया, मी गाडी काढतो. म्हणाली, "कशाला रे? दुखत कुठे आहे?"