‘डेमोमध्ये सापडतं, वाचनालयात सापडत नाही’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार मॅडम. आमच्या पुस्तक-शोधाच्या प्रणालीला दोन तारे देताना तुम्ही लिहिलंत की डेमोत सापडणारी पुस्तकं तुमच्या बडोद्याच्या वाचनालयात सापडत नाहीत: मोबाइलवरून ‘शेतकऱ्यांचा’ शोधलं तर शून्य पुस्तकं येतात, गुजराती कीबोर्डवरून काहीच येत नाही, आणि म्हणून ‘चुका माफ’ची मर्यादा, म्हणजे शोधशब्दात किती चिन्हं चुकली तरी चालतात ती, एकावरून दोनवर न्यावी. पहिल्या दोन्हींचा बंदोबस्त होतो. तिसरं करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘ऱ्या’ पडद्यावर एकसारखा दिसला तरी आत तीन तऱ्हांनी साठवलेला असतो: सुटा ऱ, र खाली नुक्ता (टिंब), किंवा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि अदृश्य जोडचिन्ह. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकातलं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या साठवणी एकसारख्या करायचा नियम, पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, तिसरी तशीच राहते. त्यासाठी वेगळा नियम लागतो, आणि तो पुस्तकांची यादी व शोधशब्द या दोन्हींवर चालवावा लागतो. एकाच बाजूला लावला तर आज सापडणारी पुस्तकंही गायब होतील.

बडोद्यात गुजराती लिपीत मराठी नाव टाइप करणारे सभासद असणारच. गुजराती अक्षराच्या कोडमधून (संगणकातल्या त्याच्या क्रमांकातून) 384 वजा केले की बहुतेक वेळा तेच देवनागरी अक्षर मिळतं, ळसुद्धा. पण गुजरातीत ऱ नाही, तिथून ‘शेतकर्यांचा’ येतं. म्हणून शोधापुरता ऱ चा र करायचा. त्यात ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ एक होतात, तेव्हा मूळ रूप तंतोतंत जुळणाऱ्या पुस्तकाला वरचा क्रम द्यायचा. हे विसरलं तर स्वयंपाकाचं पुस्तक मागणाऱ्याला तत्त्वज्ञान मिळेल!

आता मर्यादेचं. यंत्र काना-मात्रा वेगळी मोजतं, त्यामुळे ‘पाणी’ चार चिन्हांचा शब्द ठरतो. एका बदलात वाणी, राणी, गाणी येतात. दोन बदलांत कहाणीसुद्धा. चार चिन्हांपर्यंत सूट शून्य, पुढे एक, पहिलं अक्षर पक्कं, आणि तंतोतंत काही न मिळालं तरच सूट, एवढं पुरे.

प्रत्ययांचंही तसंच. ‘बडोद्याचा’मधला ‘चा’ काढला तरी ‘बडोद्या’ उरतं, ‘बडोदे’ नाही. सामान्यरूपाचा नियम जोडावा लागतो. सरसकट ‘ला’ काढला तर ‘महिला’चं ‘महि’ होतं, म्हणून उरलेला शब्द तुमच्या यादीत असेल तरच तो धरायचा. दाखल क्रमांक (पुस्तकाचा वाचनालयातला नोंदणी क्रमांक) मात्र तंतोतंतच जुळवायचा, ० ते ९ चे 0 ते 9 करून.

‘काही सापडलं नाही’ आलेल्या शोधांची नोंद, सभासदांची नावं वगळून, कृपया आम्हाला पाठवा. त्यातले 200 शोध निवडून प्रत्येकासमोर योग्य पुस्तक तुम्हीच लिहा. ते पहिल्या दहांत येतं का, हे जुन्या आणि नव्या मांडणीवर ताडून पाहू. शोध ज्यावर चालतो ती अनुक्रमणिका नव्याने जुनीच्या शेजारी बांधू, आकडे तुम्हाला पटले तरच बदलू, आणि जुनी आठवडाभर तशीच ठेवू.