कमानीला पैसे देण्याआधी टेंडर बघा

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या कमानीची चर्चा चाललीय. मेन गेटला दगडी कमान, वर संस्थेचं नाव, खाली देणगीदारांची पाटी, कोण किती देणार वगैरे. मी तिथे एवढंच लिहिलं की पैसे द्यायला माझी ना नाही, पण आधी संस्थेने हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीचं टेंडर ग्रुपवर टाकावं, त्यात माणशी किती पैसे धरलेत ते बघू, मग कमानीचं बघू. त्यावर दोन अंगठे आले, एक 'इथे राजकारण नको' आलं आणि मग कोणीतरी गुड मॉर्निंगचा गुलाब टाकून विषय संपवला. म्हणून इकडे लिहितेय. लांबलंय, पण जरा वाचाच.

कॉलेजात झाडणाऱ्या, संडास धुणाऱ्या बायकांच्या आणि गेटवरच्या मामांच्या पगाराचा विषय काढला की संस्थेचं उत्तर ठरलेलं, 'ते आमचे नाहीत हो, एजन्सीचे आहेत.' आणि आपणही मान डोलावतो, एजन्सीवाला चोर म्हणतो आणि घरी जातो. एजन्सीवाला चोर असेलही, त्याची वकिली मला करायची नाही, पण तो ज्या रकमेत माणसं देतो ती रक्कम मंजूर कोण करतं? संस्थाच ना. टेंडर निघतं, सगळ्यात कमी रेट भरेल त्याला काम मिळतं, आणि या धंद्यात मशीन नाही की कच्चा माल नाही, एक फिनेलचे कॅन, झाडू आणि युनिफॉर्म सोडले तर सगळा खर्च पगाराचाच. म्हणजे रेट कमी करायचा तर कापणार कुठून? काही टेंडरांमध्ये एजन्सी आपला सर्व्हिस चार्ज जवळजवळ शून्य टक्के दाखवते. शून्य टक्क्यावर कोण धंदा करतं सांगा मला. तो पैसा कुठूनतरी काढणारच, आणि कुठून काढणार हे टेंडर उघडणाऱ्या कमिटीतल्या प्रत्येकाला माहीत असतं, त्यात कॉमर्सचे प्राध्यापक पण असतात.

कुठून काढतात ते मी जवळून बघितलं. आमच्या डिपार्टमेंटला एक मावशी होत्या, अजून आहेत, कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही कारण त्यांना उद्यापासून येऊ नका सांगायला कोणाला एक मिनिट लागणार नाही. त्यांच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी पैसे हवे होते, कोणीतरी म्हणालं पीएफ काढा, तुमचा एवढी वर्षं कापला जातोय. मी म्हटलं चला बघूया, उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसतं. ओटीपी काही येईना. शेवटी कळलं की खात्याला मोबाइल नंबर एजन्सीच्या ऑफिसचा जोडलेला, त्यामुळे मावशींच्या पैशाचा ओटीपी सुपरवायझरच्या टेबलावर वाजत होता. मग पीएफ ऑफिसला गेलो, तिथल्या बाईंनी (भल्या होत्या, जेवायची सुट्टी असून थांबल्या) कॉम्प्युटर वळवून दाखवलं, एकाच माणसाचे तीन यूएएन, म्हणजे पीएफचा तो नंबर जो एका माणसाला एकच असायला हवा. दर वेळी एजन्सी बदलली की नवीन नंबर, जुन्यातलं नव्यात काही ट्रान्सफर नाही. आणि महिन्याचे सव्वीस दिवस भरलेले असताना कागदावर चौदा दिवस, बारा दिवस, एका महिन्यात नऊ. बाकीचे खाडे! मावशी म्हणाल्या, 'अगं मी तर गौरीजेवणाला पण सुट्टी घेतली नव्हती.'

एवढंच नाही. बँकेत पगार बरोबर जमा होतो आणि मग त्यातले दोन-अडीच हजार कॅशमध्ये सुपरवायझरला परत द्यायचे, काही ठिकाणी तर एटीएम कार्डच सुपरवायझरकडे. पीएफचे १२ टक्के कामगाराचे आणि १२ टक्के मालकाचे असा हिशोब, पण दोन्हीकडचे कामगाराच्याच पगारातून कापायचे. बोनस कायद्याने कमीत कमी ८.३३ टक्के, हातात काय येतं तर सोनपापडीचा पुडा. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी लागते म्हणून त्याआधी एजन्सीचं नाव बदलायचं, तेच ऑफिस, तोच सुपरवायझर, शर्टावरचा लोगो तेवढा नवीन.

आता यात कायदा काय म्हणतो? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नवीन लेबर कोडमध्येही एक गोष्ट आहेच, कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने, म्हणजे इथे संस्थेने, द्यायचा, मग कंत्राटदाराकडून वसूल करत बसायचं. म्हणजे 'आमचे नाहीत' हे उत्तर कायद्यातच बसत नाही. पण पळवाटा पण तिथेच आहेत. किती माणसं असली की कंत्राटदाराला लायसन्स लागतं ती मर्यादा महाराष्ट्राने आधीच २० माणसांवरून ५० केली होती, नव्या कोडमध्येही ५० च आहे, मग झाडलोट एका एजन्सीला, गार्डन दुसऱ्या, हॉस्टेल तिसऱ्या, प्रत्येकाकडे चाळीस-पंचेचाळीस माणसं. आणि नवा कोड म्हणतो की झाडलोट, पहारा, कँटीन ही साधारणपणे संस्थेची 'मुख्य' कामं धरायची नाहीत, सबब ती कंत्राटावर द्यायला मोकळीक. त्यामुळे 'कंत्राट बंद करा, सगळ्यांना पर्मनंट करा' ही मागणी मनापासून पटत असली तरी तिच्यावर आज कॉलेजात अडून बसलं तर दहा वर्षं कोर्टात जातील. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी ते करून दाखवलं, सुप्रीम कोर्टापर्यंत लढून २०१७ ला जिंकले, पण त्यामागे युनियनची किती वर्षांची तंगडतोड होती. कॉलेजातल्या चाळीस बायकांकडे युनियन कुठली, त्यांना जेवायला जागा नाही, जिन्याखाली मीटरच्या बोर्डाशेजारी डबा खातात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पगाराचा आकडा टेंडरच्या बाहेर काढा. संस्थेने आधीच ठरवून टाकायचं की आमच्या आवारात जो काम करेल त्याला हातात इतके मिळतील, अधिक पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), बोनस, भरपगारी सुट्ट्या, आणि एजन्सीने फक्त आपल्या मॅनेजमेंटच्या चार्जवर स्पर्धा करायची. माणसाच्या पोटावर बोली लावायची नाही.

'इतके' म्हणजे किती, हा प्रश्न येतोच. लगेच कोणीतरी म्हणतं किमान वेतन देतो ना आम्ही. अहो किमान वेतन म्हणजे त्याच्या खाली गेलात तर गुन्हा, ती काय शाबासकीची पायरी आहे? घटनेच्या कलम ४३ मध्ये निर्वाह वेतन लिहिलंय, नुसतं जगण्यापुरतं नाही तर बऱ्यापैकी जीवनमान आणि फुरसत सुद्धा. आणि हे मोजायचं कसं तेही आपल्याकडे कधीच ठरलंय. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत हिशोब मांडला होता, कमावत्या माणसामागे तीन माणसांचा खर्च धरा, माणशी २७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेला एकूण किमान वेतनाच्या २० टक्के. १९९१ ला सुप्रीम कोर्टाने त्यात मुलांचं शिक्षण, दवाखाना, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यासाठी अजून २५ टक्के घाला सांगितलं. ही सगळी बेरीज आजच्या पुण्यातल्या भावाने करून बघा. एका खोलीचं भाडं घाला, गॅस घाला, डाळ-तेल घाला, पीएमपीचा पास घाला आणि आकडा कुठे जातो बघा. मावशींच्या हातात साडेनऊ हजार येत होते.

यावर हल्ली एक नवीन उत्तर मिळतं, 'आता तर लाडकी बहीणचे दीड हजार पण मिळतात की.' ते पैसे सरकार बाईला देतं, एजन्सीला नाही. तिला पूर्ण पगार द्यायचा नाही आणि भगदाड सरकारने बुजवायचं, म्हणजे ती योजना लाडका कंत्राटदार झाली.

सरकार तरी काय वेगळं वागतं म्हणा. ११ डिसेंबर २०२० चा जीआर आठवतोय का, अनुदानित शाळांमधल्या शिपायांची पदं संपवून 'शिपाई भत्ता' सुरू केला, मुंबई-पुण्यात शाळेला महिन्याला १०,००० आणि ग्रामीण भागात ५,०००. पाच हजार! शासनानेच हा दर काढल्यावर संस्थाचालकांना कोण बोलणार. आणि २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर आला तेव्हा स्पर्धा परीक्षावाली पोरं रस्त्यावर उतरली, महाराष्ट्रभर मोर्चे निघाले आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला तो रद्द करावा लागला. बरोबरच केलं पोरांनी. फक्त ज्या अभ्यासिकेत बसून ती पोरं अभ्यास करत होती ती झाडणारी बाई त्याआधी कित्येक वर्षं एजन्सीवरच होती, तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही.

कंत्राट म्हटलं की लूट होणारच असंही काही नाही. आपल्याच महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी म्हणजे हमालांचा कायदा आहे आणि त्याच धर्तीवर १९८१ चा सुरक्षा रक्षकांचा कायदा आहे. रक्षक बोर्डाकडे नोंदणी करतो, संस्था पगार आणि त्यावरची लेव्ही (पीएफ-बोनस वगैरेसाठीची जादा टक्केवारी) बोर्डाकडे भरते, बोर्ड रक्षकाला पगार, पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी देतं, मध्ये दलाल नाही. बोर्डाचा कारभार काही सोन्याने मढवलेला नाही, रक्षकांच्या तक्रारी असतात, पण बोर्डाचा मामा आणि एजन्सीचा मामा यांना शेजारी बसवून पगार विचारा. एजन्सीचा मामा बारा तासांची ड्युटी करतो, ठरलेल्या तासांच्या वर ओव्हरटाइम डबल असतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही, आणि आठवड्याची सुट्टी घेतली की खाडा. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली १० जून १८९० ला. मामांपर्यंत ती अजून पोचतेय.

बाहेरच्या देशांतली उदाहरणं दिली की लोक वैतागतात, तरी दोन देतेच. २००१ मध्ये हार्वर्डची मुलं सफाई कामगार आणि गार्डसाठी ताशी १०.२५ डॉलर मागत होती, ऐकेनात तेव्हा प्रेसिडेंटच्या ऑफिसच्या इमारतीत घुसून २१ दिवस बसली. त्यानंतर युनिव्हर्सिटीने कमिटी नेमली, पगार वाढले, पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, त्यांनी नियमच केला की बाहेरच्या एजन्सीच्या माणसालाही युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या कामगाराएवढाच पगार आणि सवलती. झालं, मग एजन्सी आणण्यातला फायदाच गेला. दुसरं लंडनच्या सोआस या कॉलेजचं. तिथल्या क्लीनर बायका-पुरुषांनी, बरेचसे लॅटिन अमेरिकेतले, लंडन लिव्हिंग वेज (लंडनच्या खर्चावरून काढलेलं निर्वाह वेतन) मिळवला, युनियन केली, आणि २००९ च्या जूनमध्ये एके दिवशी सकाळी एजन्सीने मीटिंग आहे म्हणून सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावलं, तिथे इमिग्रेशनचे अधिकारी थांबलेले होते. नऊ जणांना पकडलं, बऱ्याच जणांना देशाबाहेर पाठवलं. तरी विद्यार्थी आणि कामगारांनी मोहीम सोडली नाही आणि शेवटी २०१७ ला कॉलेजने त्यांना स्वतःच्या पगारपत्रकावर घ्यायचं कबूल केलं.

हे सोआसचं मुद्दाम सांगितलं. आपल्याकडे पण बोलतो तो कामगार आधी जातो. म्हणून मावशींना 'तुम्ही तक्रार का करत नाही' विचारणं बंद करा प्लीज. हे विचारायचं काम ज्यांना कोणी काढू शकत नाही त्यांचं आहे, म्हणजे विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि पर्मनंट प्राध्यापक. प्राध्यापकांबद्दल मी फार आशा ठेवत नाही, सातवा वेतन आयोग आला तेव्हाचा उत्साह बघितलाय. सीएचबीवाले (तासिका तत्त्वावरचे) सर-मॅडम मात्र नक्की समजून घेतील, नेट-सेट-पीएचडी करून तासावर पगार, सुट्ट्यांचे पैसे नाहीत, ऑर्डर दर वर्षी नवीन. खरं तर त्यांची आणि मावशींची केस एकच आहे, पण एका बाकावर बसायला अजून तयार नाहीत.

पैसे कुठून आणायचे? समजा आवारात ६० कामगार आहेत आणि प्रत्येकाच्या हातात महिन्याला पाच हजार जास्त द्यायचे, पीएफ-ईएसआय धरून सहा हजार म्हणू. वर्षाचे ४३ लाख २० हजार होतात. चार हजार विद्यार्थी असतील तर डोई वर्षाला अकराशेच्या आत. सगळं फीमध्ये टाकलं तरी एवढंच, आणि सगळं फीमध्ये टाकायची गरजही नाही, कॉलेजला ग्रेड देणारी नॅक कमिटी यायच्या आधी पेव्हर ब्लॉक उखडून परत तेच पेव्हर ब्लॉक बसवायला पैसे कुठून येतात तेही कधीतरी विचारू.

आणि ते 'एवढ्याच पगारावर यायला माणसं रांगेत उभी आहेत' हे मला परत ऐकवू नका. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये १९८२ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, पोटाच्या मारामुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमीवर तयार झाला तरी ती वेठबिगारीच.

तर करायचं काय, ते लिहिते. अनुदानित कॉलेज आणि सरकारी विद्यापीठांना माहितीचा अधिकार लागू आहे. एजन्सीची वर्क ऑर्डर, मागच्या वर्षभराचे पीएफ-ईएसआयचे चलान कामगारांच्या यादीसकट, वेज रजिस्टरच्या प्रती आणि टेंडरचा तुलनात्मक तक्ता मागा. कामगारांचे आधार, बँकेचे नंबर खोडून द्या असं अर्जातच लिहा म्हणजे 'वैयक्तिक माहिती' म्हणून फेटाळायला सोपं जात नाही. अर्ज कामगाराच्या नावाने चुकूनही करू नका, स्वतःच्या नावाने करा आणि शक्य असेल तर तीन-चार जणांनी वेगवेगळे करा. खाजगी विनाअनुदानित संस्था असेल तर आरटीआय थेट चालत नाही, तिथे माजी विद्यार्थी संघाच्या मीटिंगमध्ये लेखी विषय द्या, देणगीच्या बरोबर. मी मराठीत अर्जाचा नमुना केलाय, हवा असेल त्यांनी इनबॉक्स करा, कमेंटमध्ये कॉलेजचं किंवा कुठल्याही मावशी-मामांचं नाव टाकू नका, दिसलं तर मी डिलीट करेन.