वॉर्निंग पूलरची नाही, पीएसक्यूएलची आहे

आयटी पार्कपासून मिहानपर्यंत नागपूरच्या डेव्हलपर मंडळींत एक मेसेज फॉरवर्ड होतोय: 'पीजीबाउन्सरमधून कनेक्ट केलं की व्हर्जनची वॉर्निंग येते, म्हणजे पूलर पोस्टग्रेसशी जुळत नाही. डेटा खराब व्हायच्या आत पूलर काढा, थेट 5432 वर जा.'

पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर आणि 5432 हा त्याचा नेहमीचा पोर्ट. पीजीबाउन्सर हा ॲप आणि डेटाबेसच्या मध्ये बसून मोजकी कनेक्शन सगळ्यांना वाटून देणारा पूलर. आणि पीएसक्यूएल हे पोस्टग्रेसशी कमांड लाइनवरून बोलायचं टूल. आता वॉर्निंग देतं कोण ते बघू. जोडणी होताना सर्व्हर आपलं व्हर्जन कळवतो. पीएसक्यूएल ते स्वतःच्या व्हर्जनशी ताडून पाहतं आणि सर्व्हर नवा किंवा फारच जुना निघाला की कुरकुरतं. पूलर फक्त मागच्या सर्व्हरने सांगितलेला आकडा पुढे सरकवतो. लॅपटॉपवर पीएसक्यूएल 14 आणि मागे पोस्टग्रेस 16 असेल, तर थेट 5432 वरही हीच ओळ दिसेल. लावून बघा की.

मेसेजसोबतच्या स्क्रीनशॉटची तर गंमतच आहे. त्यात सर्व्हरचं व्हर्जन '1.17.0/बाउन्सर' दिसतं. भाऊ, ही पीजीबाउन्सरची ॲडमिन कन्सोल आहे, 'शो पूल्स'सारख्या, पूलरचीच स्थिती दाखवणाऱ्या कमांड चालवायची जागा. तिथे पोस्टग्रेस नसतोच, पीजीबाउन्सर स्वतःचंच व्हर्जन सांगतो. पीएसक्यूएलला वाटतं, हा कुठला आदिम सर्व्हर! वॉर्निंग येणारच.

डेटा खराब होतो, हे तर साफ चूक. वॉर्निंगमध्येच लिहिलंय की पीएसक्यूएलच्या काही सोयी चालणार नाहीत. उदाहरणार्थ, पोस्टग्रेस 12 मध्ये सिस्टिम कॅटलॉगमधला (म्हणजे टेबलांची माहिती ठेवणाऱ्या अंतर्गत टेबलांतला) 'रेलहॅजओआयडीज' कॉलम काढला. त्यामुळे पीएसक्यूएल 11 वरून टेबलाचं वर्णन मागवलं की 'असा कॉलम नाही' म्हणून एरर येते. सिलेक्ट, इन्सर्ट मात्र व्यवस्थित चालतात. बॅकअप घेणारं पीजी_डम्प हे टूल जास्त कडक: सर्व्हर त्याच्यापेक्षा नवा असला तर डम्प घ्यायलाच नकार देतं.

आणि पूलर काढून काय मिळणार? पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते आणि मॅक्स_कनेक्शन्सची डिफॉल्ट मर्यादा 100. दहा ॲप सर्व्हर प्रत्येकी वीस कनेक्शन धरून बसले की नव्याला दारातच अडवलं जाईल.

पूलरच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (प्रत्येक ट्रान्झॅक्शननंतर सर्व्हर कनेक्शन दुसऱ्याला दिलं जातं) प्रिपेअर्ड स्टेटमेंटची, म्हणजे एका कनेक्शनवर आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरीची, कटकट असते, ती खरी. पण तिचा या वॉर्निंगशी संबंध नाही. 2023 च्या पीजीबाउन्सर 1.21 पासून, प्रोटोकॉलमधून (एसक्यूएलची 'प्रिपेअर' कमांड न वापरता, ड्रायव्हरकडून) केलेल्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटची ही कटकट सोडवायला मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स ही सेटिंग आहे. वॉर्निंग डोळ्यांत खुपत असेल तर सर्व्हरइतकं किंवा त्याहून नवं पीएसक्यूएल टाका, पूलरला हात लावू नका.