डोक्यावर सूर्य राहतो

मुलुंडला फ्लॅट घेतला तेव्हा एजंट म्हणाला होता, साहेब टॉप फ्लोअर आहे, डोक्यावर कोणाचा धिंगाणा नाही. धिंगाणा नाही खरा, पण वर सूर्य राहतो आणि तो मेंटेनन्स भरत नाही. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पीत बसतो आणि रात्री आपण आडवे झालो की ते निवांत आमच्या अंगावर सोडतो. पंखा पाचवर केला की तीच गरम हवा जरा वेगात येते, बस्स. टाकीच्या पाण्यामुळे एप्रिल-मेमध्ये गीझरचं बिल वाचतं, एवढंच काय ते सुख.

मग एका रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत बसलो, तर कळलं की उपाय एकदम साधा, गच्ची पांढरी करा. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलंय. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली बेरियम सल्फेटचा असा पांढरा रंग दाखवला की ९८.१ टक्के ऊन आल्या पावली परत. हे मी एजीएममध्ये सांगितलं. सेक्रेटरींनी एकच विचारलं, किती पडेल? त्यानंतर आम्ही सरळ चुन्यावर आलो.

तळमजल्यावरचे काका म्हणाले, आम्हाला तर काही गरम होत नाही. (गच्ची गळते तेव्हा ती टॉप फ्लोअरवाल्यांची, पापड वाळवायचे असतात तेव्हा सगळ्यांची.) दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड इंजिनियर म्हणाले, चुना कशाला, चकचकीत पत्रा टाका. मी म्हटलं अहो पत्रा ऊन परतवतो, पण जेवढी उष्णता आत घेतो तेवढी लवकर सोडत नाही, म्हणून तो तापतो, चुना दोन्ही कामं करतो. घेतो पण सोडत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी ट्रेझररकडे पाहिलं. शेवटी ठराव पास झाला, फक्त मिनिट्समध्ये 'सोसायटीला चुना लावण्यात यावा' असं लिहायला सेक्रेटरी तयार होईनात, ऑडिटर काय म्हणेल!

खर्च अर्थातच माझा. रविवारी वॉचमन आणि मी, कबुतरांनी दहा वर्षं मन लावून केलेलं काम आधी खरवडलं, मग चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात मारले. दुपारी वर उभं राहवेना, गॉगल न घालता गेलो तर डोळे दिपले, समोरच्या टॉवरमधून तक्रारही आली की तुमची गच्ची आमच्या हॉलमध्ये येते.

पण फरक पडला हो! स्टुलावर चढून सीलिंगला हात लावला तर आधी चटका बसायचा, आता नुसतं कोमट. आपल्या दमट हवेत रात्री उष्णता आभाळाकडे नीट निसटत नाही, हवेतली वाफच तिला परत पाठवते, त्यामुळे महाबळेश्वर वगैरे झालं नाही. आणि पावसाळ्यात चुना धुपणार, वर शेवाळ येणार, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मी आणि वॉचमन.

तर आता ही बातमी बिल्डिंगभर झालीय की रात्री गच्ची मस्त गार असते. रोज दहाला तळमजल्यावरचे काका चटई घेऊन वर, मागोमाग पत्त्यांचा अड्डा, पोरांचं बॉक्स क्रिकेट, सगळं बरोब्बर आमच्या बेडरूमवर. काल साडेबाराला बेल वाजली, दारात काकांचा नातू. आजोबांनी विचारलंय, फ्रीजचं पाणी आहे का?