जर्मन राजकन्या खरोखरच नुसत्या सोंगट्या होत्या का?

सोळाव्या ते अठराव्या शतकांतील जर्मन राजघराण्यांच्या स्त्रियांविषयी एक मजकूर सध्या फार फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की या मुलींच्या शब्दाला लग्न ठरताना किंमत नव्हती, लग्नानंतर त्यांच्या हाती काही उरत नसे आणि मुले जन्माला घालण्यापलीकडे राज्याशी त्यांचा संबंध येत नसे. वाचून मन कळवळते, पण त्या कळवळ्यात या स्त्रियांचे कर्तृत्वच पुसले जाते आणि ते मला सहन होत नाही.

लग्ने वडीलधारी मंडळी ठरवत, यात वाद नाही. ब्रांडेनबुर्गची एलिझाबेथ १५२५ मध्ये उत्तर जर्मनीतील कालेनबेर्ग या राज्याच्या ड्यूक (राज्यकर्ता) एरिखला दिली गेली, तेव्हा ती जेमतेम पंधराची आणि तो पंचावन्नचा होता. तरीही नकार देता येत असे आणि त्यासाठी धर्माचा आधार घेता येत असे. आन्सबाखच्या कॅरोलिनला आईवडील नव्हते. पुढे पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे जर्मन राज्यांना एकत्र बांधणाऱ्या साम्राज्याचा, सम्राट झालेल्या ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक (राजपुत्र) चार्ल्सचे स्थळ तिला आले, पण ती प्रोटेस्टंट होती आणि त्यासाठी कॅथलिक व्हावे लागणार होते, म्हणून १७०४ मध्ये तिने ते नाकारले. पुढच्याच वर्षी तिने हॅनोव्हरच्या राजपुत्राशी लग्न केले. पुढे तो ब्रिटनचा राजा आणि ती राणी झाली, आणि नवरा आपल्या हॅनोव्हरच्या राज्यात गेला की मागे राज्याची सूत्रे तिच्याकडे असत.

दुसरा मुद्दा मालमत्तेचा. विवाहकरारात माहेरचा हुंडा, सासरने त्यात घालायची भर आणि वैधव्यातील निर्वाहासाठी नेमलेला वाडा व त्याच्या परिसराचे उत्पन्न, हे सारे लिहिलेले असे. या शेवटच्या तरतुदीला ‘विटुम’ म्हणत. अर्थात नवरा आणि वडील एक झाले, तर करार तिला वाचवू शकत नसे. त्सेलच्या सोफिया डोरोथेआचा १६९४ मध्ये घटस्फोट झाला आणि १७२६ मध्ये मरेपर्यंत तिला आल्डेनच्या वाड्यात नजरकैदेत ठेवले. मुलांची भेट तिला पुन्हा कधीच झाली नाही. हा अन्याय सौम्य करून सांगण्याचे कारण नाही.

राज्याशी संबंध नव्हता, हा तिसरा मुद्दा मात्र साफ चुकीचा आहे. वर सांगितलेल्या एलिझाबेथने १५४० मध्ये नवरा वारल्यावर अल्पवयीन मुलाच्या वतीने कारभार पाहिला, कालेनबेर्गमध्ये ल्यूथरपंथी (प्रोटेस्टंट) धर्मसुधारणा आणली आणि मुलासाठी राज्य कसे चालवावे याचे पुस्तक स्वतः लिहिले. त्याहून मोठी कामगिरी हेसे-कासेल या जर्मन राज्याच्या अमालिए एलिझाबेथची. जर्मन भूमीवर १६१८ ते १६४८ चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धात १६३७ मध्ये तिचा नवरा परागंदा अवस्थेत वारला, मुलगा आठ वर्षांचा होता, मुलूख शत्रूने तुडवला होता आणि सम्राटाने त्याचा कारभार याच घराण्याच्या हेसे-डार्मश्टाट शाखेतील भाऊबंदाकडे सोपवला होता. तिच्याजवळ उरले होते ते नवऱ्याचे सैन्य, आणि ते तिने हातचे जाऊ दिले नाही. सम्राटाच्या बाजूशी बोलणी लांबवत तिने वेळ मिळवला आणि १६३९ मध्ये फ्रान्सशी तह केला. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात तिच्या राज्याला हेर्सफेल्डच्या मठाचा मुलूख आणि सहा लाख थालर (चांदीची नाणी) मिळाले. शिवाय कॅल्व्हिनपंथीयांना, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या दुसऱ्या मोठ्या शाखेला, साम्राज्यात कायदेशीर मान्यता मिळाली, आणि त्यासाठी तिचे प्रतिनिधी वाटाघाटींत अखेरपर्यंत अडून बसले होते. १६५० मध्ये मुलगा कर्ता झाल्यावर तिने कारभार त्याच्या हाती दिला आणि पुढच्याच वर्षी ती वारली.